नाक सांभाळू की शुगर?

वाचकाचं पत्र

आमचा भुऱ्या १३ वर्षांचा बोका आहे. ऐन पावसात सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीखाली सापडला, तेव्हा दोन्ही डोळे चिकटलेले आणि नाक गळत होतं. तेव्हापासून शिंका त्याच्या पाचवीलाच पुजलेल्या. तीन वर्षांपासून मात्र त्रास फार वाढला. घट्ट पिवळा शेंबूड, रात्री माणसासारखं घोरणं. पाच दिवस अँटिबायोटिक दिलं की नाक मोकळं होतं, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. शेवटी डॉक्टरांनी महिनाभर टिकणारं स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. त्याने भुऱ्या इतका खुशीत आला की पुढेही दोन-तीनदा घेतलं. नंतर तो सारखं पाणी प्यायला लागला, ट्रेमधले शूचे गोळे दुप्पट झाले आणि गेल्या वर्षी मधुमेह निघाला. आता ग्लार्जिन इन्शुलिन सकाळ-संध्याकाळ दोन-दोन युनिट चालू आहे. ह्यांनाही मधुमेह असल्यामुळे टोचायची भीती नाही, सिरिंजही घरातल्या ह्यांच्याच लाल टोपणाच्या वापरतो. गेले दोन महिने फक्त उजव्या नाकपुडीतून येतंय, कधीकधी गुलाबीसर. कोरडा खाऊ तोंडात घेतो आणि टाकून देतो. नाक चोंदलं की जेवतच नाही, मग इन्शुलिन द्यायचं की नाही कळत नाही. मध्यंतरी एका सकाळी इन्शुलिननंतर लटपटत चालत होता, मध चाटवल्यावर सावरला. शेजारच्या काकू विक्सची वाफ द्या म्हणतात. डॉक्टर विचारतात, पुन्हा तेच इंजेक्शन देऊ का? मी नाक सांभाळू की शुगर? आणि ते इंजेक्शन घेऊन मीच त्याला मधुमेह लावला का?

— एक वाचक, डोंबिवली

उत्तर

ताई, बाकी सगळं नंतर वाचा. आधी उठून फ्रिजमधली भुऱ्याच्या इन्शुलिनची बाटली आणि ती लाल टोपणाची सिरिंज शेजारी शेजारी ठेवून बघा.

आपल्याकडे माणसांच्या इन्शुलिनच्या बऱ्याच बाटल्या एका मिलीला ४० युनिट अशा ताकदीच्या असतात आणि त्यांच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते. ग्लार्जिनच्या बाटलीत सहसा एका मिलीला १०० युनिट असतात आणि त्याला नारिंगी टोपणाची सिरिंज लागते. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये दोनच्या खुणेपर्यंत ग्लार्जिन भरलं, तर मांजराच्या अंगात दोन नाही, पाच युनिट जातात. अडीच पट. त्या सकाळी भुऱ्या लटपटला त्याचं कारण बहुतेक हेच असावं. मध चाटवलात हे अगदी योग्य केलंत.

आता घाईने उलटा घोटाळा मात्र करू नका. ह्या सिरिंजने भरलेल्या ‘दोन युनिट’वर त्याची शुगर आजवर जी काही राहिली असेल, ती खरं तर पाच युनिटची आहे. म्हणून आजच डॉक्टरांना फोन करा, बाटलीचे आणि सिरिंजचे फोटो पाठवा आणि नवा डोस युनिटमध्ये लिहून घ्या. औषधांच्या दुकानातून १०० युनिटच्या इन्शुलिनची ०.३ मिलीची सिरिंज मागा. तिच्यावर अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली मिळाली तर उत्तमच, कारण मांजराच्या बाबतीत अर्ध्या युनिटनेही फरक पडतो. ती भुऱ्याच्या नावाच्या वेगळ्या डब्यात ठेवा. घरात दोन मधुमेही असले की हा गोंधळ कुणाच्याही हातून होतो, आणि तो मोडायला वेगळा डबा पुरतो.

आता तुमचा प्रश्न. नाक की शुगर, असं निवडताच येत नाही, कारण भुऱ्याच्या अंगात ही दोन दुखणी एकमेकांना धरून आहेत. अंगात कुठेही संसर्ग किंवा सूज धुमसत असली की इन्शुलिनला शरीर दाद देईनासं होतं आणि शुगर चढते. चढलेल्या शुगरमुळे संसर्गाशी लढायची ताकद कमी होते आणि नाक बिघडतं. शिवाय मांजर वासावर जेवतं. नाक बंद म्हणजे वास नाही, वास नाही म्हणजे जेवण नाही, आणि जेवण नसताना इन्शुलिन गेलं की शुगर धाडकन खाली. म्हणून नाकावरचा प्रत्येक उपचार शुगरचा विचार करूनच ठरवायचा, आणि शुगर अचानक बिघडली तर आधी नाक आणि तोंड तपासायचं.

त्या इंजेक्शनला ह्या वेळी स्पष्ट नाही म्हणा. लांब मुदतीचं स्टिरॉइड एकदा टोचलं की परत काढून घेता येत नाही. कित्येक आठवडे ते इन्शुलिनच्या विरोधात काम करत राहतं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. भुऱ्याचं नाक आता एकाच बाजूने वाहतंय. आत गाठ असेल आणि ती लिम्फोमा (एक प्रकारचा कर्करोग) असेल, तर स्टिरॉइडने ती काही दिवस आकसते, मांजर बरं दिसतं, पण नंतर तपासणीत निदानच नीट होत नाही. डॉक्टरांशी वाद घालायची गरज नाही. “आधी उजव्या बाजूला नेमकं काय आहे ते शोधू या, तोपर्यंत स्टिरॉइड नको,” एवढं म्हणा. पुढेमागे नाकातली सूज उतरवायला स्टिरॉइड लागलंच, तर माणसांच्या दम्याच्या पंपातलं फ्लुटिकासोन स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) आणि छोटा मास्क लावून हुंगवता येतं. त्याचा शुगरवर परिणाम गोळी-इंजेक्शनच्या मानाने खूपच कमी होतो. ते लागू पडायला एक-दोन आठवडे जातात, आणि तेही संसर्ग आटोक्यात आल्यावरच सुरू करायचं.

मीच मधुमेह लावला का, असं विचारलंत. खच्चीकरण झालेला, घरात बसून वजन वाढलेला, दहा वर्षांपुढचा बोका हाच मांजरांमधल्या मधुमेहाचा नेहमीचा रुग्ण असतो. इंजेक्शनांनी त्याला धक्का दिला असणं शक्य आहे. पण श्वास घेता येत नव्हता म्हणून ती घेतलीत, आणि डॉक्टरांनी सुचवल्यावर घेतलीत. ह्यात तुमचा दोष मला दिसत नाही. शिवाय मांजराचा मधुमेह माणसासारखा जन्माचा सोबती असेलच असं नाही. कारण दूर झालं आणि शुगर नीट आवरली, तर काही मांजरांचं इन्शुलिन पूर्ण सुटतं. भुऱ्याचं सुटेल असं मी म्हणत नाही, पण दार बंद झालेलं नाही.

नाकाचा इतिहास तुम्ही पहिल्याच ओळीत सांगितलात: डोळे चिकटलेलं, नाक गळणारं पिल्लू. हा बहुधा मांजरांच्या हर्पीस विषाणूचा, कदाचित कॅलिसीचाही प्रताप. हर्पीस एकदा शिरला की चेहऱ्याच्या नसांमध्ये दडी मारून बसतो आणि ताण आला, आजारपण आलं किंवा स्टिरॉइड दिलं की पुन्हा डोकं वर काढतो. लहानपणीच्या त्या दुखण्यात नाकातली नाजूक, गुंडाळीसारखी हाडं आणि त्यांवरचं अस्तर कायमचं खराब होतं. मग तिथे चिकट स्राव साचतो, त्यात जंतू वाढतात, औषधाने ते मरतात, पण जागा खराबच राहते आणि नवे जंतू येतात. पाच दिवसांनी बरं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, ह्याचं कारण हे. हे नाक पूर्ण बरं होणार नाही, ताई. चांगले दिवस वाढवायचे आणि वाईट दिवस सौम्य करायचे, एवढं मात्र नक्की साधतं, आणि अशी मांजरं वर्षानुवर्षं आनंदात जगतात.

पण एकाच बाजूचा, गुलाबीसर स्राव ह्या जुन्या गोष्टीत बसत नाही. विषाणूने खराब झालेलं नाक सहसा दोन्ही बाजूंनी वाहतं. एकच बाजू वाहायला लागली की मला आधी दात आठवतात. मांजराच्या वरच्या सुळ्याचं मूळ लांब असतं आणि नाकाची पोकळी आणि ते मूळ ह्यांच्यामध्ये हाडाचा पातळसा पडदा असतो. मुळाशी पू झाला की तो पडदा झिजतो आणि पू थेट नाकात उतरतो. कोरडा खाऊ तोंडात घेऊन टाकणं ह्या शंकेला दुजोराच देतं. भुऱ्या जांभई देईल तेव्हा उजव्या सुळ्यावरची हिरडी बघा: लाल, सुजलेली, की दात खाली लोंबल्यासारखा लांब दिसतोय? तोंडाला घाण वास येतो का? मात्र बाहेरून दात चांगला दिसला तरी मुळाशी गडबड असू शकते, त्यामुळे दातांचा एक्स-रे हाच खरा पुरावा.

दात निर्दोष निघाले तर मग गाठ किंवा बुरशी. नाकाच्या दांड्यावर फुगवटा, एका डोळ्यातून सतत पाणी, चेहरा एका बाजूला वेगळा दिसणं, ह्यांतलं काही असेल तर फोटो काढून ठेवा. तुमच्या बाल्कनीत कबुतरं बसत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. कबुतरांच्या विष्ठेत वाढणारी क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी मांजराच्या नाकात ठाण मांडते आणि तिची रक्तातून तपासणी करता येते. ह्यापुढे सीटी स्कॅन, आणि दुर्बिणीने नाकातला तुकडा काढून तपासणं. हे सगळं एकाच भुलीत उरकायचं: दातांचा एक्स-रे, लागलाच तर दात काढणं, नाक आतून सलाईनने धुणं आणि धुतलेल्या पाण्याचं कल्चर, म्हणजे त्यात कुठले जंतू वाढतात ह्याची तपासणी. नाकपुडीच्या तोंडाशी बोळा फिरवून केलेल्या कल्चरवर पैसे घालवू नका. त्यात तिथे नेहमी राहणारेच जंतू सापडतात.

१३ वर्षांच्या जिवाला भूल सोसेल का, हा प्रश्न तुमच्या मनात नक्की असणार. नुसत्या वयामुळे भूल नाकारू नका. आधी रक्ताची तपासणी, विशेषतः किडनीची, रक्तदाब आणि हृदय तपासून घ्या. त्या दिवशी सकाळी इन्शुलिन किती द्यायचं (बहुतेकदा निम्मं सांगतात) आणि उपाशी किती वेळ ठेवायचं, हे लेखी घ्या. आणि त्याची वेळ सकाळची पहिली घ्या, म्हणजे संध्याकाळपर्यंत तो घरी येऊन जेवेल. तुमच्याकडच्या दवाखान्यात दातांचा एक्स-रे नसेल, तर मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, पशुवैद्यकीय महाविद्यालयही तिथेच आहे. निघण्यापूर्वी फोन करून नेमकी कुठली तपासणी कधी होते ते विचारा. आजारी मांजराला लोकलच्या गर्दीतून नेऊन उद्याची तारीख घेऊन परतणं फार वाईट.

तोपर्यंत घरी करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि खरं सांगायचं तर जुन्या नाकाच्या मांजराचं आयुष्य औषधांपेक्षा ह्याच गोष्टींनी सुधारतं.

नेब्युलायझर घरात असेल तर बाहेर काढा, नसेल तर साधा घ्या. त्यात फक्त नॉर्मल सलाईन, म्हणजे ०.९ टक्क्यांचं मिठाचं निर्जंतुक पाणी, तीन ते पाच मिली. बाकी काहीही नाही, कुणाच्या दम्याच्या औषधाची कुपी (रेस्प्यूल) नाही, निलगिरीचा थेंब नाही. मास्क त्याच्या तोंडावर दाबू नका. भुऱ्याला त्याच्या बास्केटमध्ये ओळखीच्या चादरीवर बसवा, नळी जाळीतून आत सोडा, बास्केटवर ओढणी टाका आणि एक बाजू उघडी ठेवा. सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटं. पहिले दोन दिवस मशीन चालू न करता नुसतं बास्केटमध्ये बसवून खाऊ द्या, मग मशीन दूर ठेवून चालू करा. आवाजाची सवय झाली की बरीच मांजरं आत झोपूनसुद्धा जातात. हा सलाईनचा वाफारा संपल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने नाकावरचं मेकूड मऊ करून पुसा, ओढून काढू नका. मशीनचा कप रोज गरम पाण्याने धुऊन वाळवा, नाहीतर आपणच जंतू हुंगवू.

नेब्युलायझर जमला नाही, तर सलाईनचे ड्रॉप्स प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब. बाटली आधी मुठीत धरून कोमट करा. तो शिंकेल, चिडेल, पण त्या शिंकेबरोबर अडकलेलं बाहेर येतं. बाटलीवर सोडियम क्लोराइड एवढंच लिहिलेलं हवं. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन लिहिलेले सर्दीचे ड्रॉप्स दिसायला अगदी सारखे असतात आणि मांजराला त्यांनी विषबाधा होऊ शकते.

शेजारच्या काकूंना प्रेमाने नाही सांगा. विक्समधला कापूर, मेंथॉल, निलगिरी हे सगळं मांजराच्या यकृताला पचत नाही. अंगावर सांडलेलं ते चाटतं आणि पोटात घेतं. ओव्याची धुरी नको, वेखंड नको, डिफ्यूझरमधली सुगंधी तेलं नकोत. आणि पॅरासिटामॉल कधीही नको. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांमध्ये ते असतं आणि मांजराचा जीव घ्यायला गोळीचा तुकडाही पुरतो. डासांची कॉइल, देवघरातली उदबत्ती, मिरचीच्या फोडणीचा ठसका, शू-शीच्या ट्रेमधलं धूळ उडणारं लिटर, ह्यांतलं जेवढं कमी करता येईल तेवढं करा. देवाला उदबत्ती लावायचीच तर भुऱ्याला तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत ठेवा.

दिवसाचा क्रम असा बसवा: आधी वाफारा, मग नाक पुसणं, मग जेवण, आणि जेवण पोटात गेल्यावर इन्शुलिन. तुमचा निम्मा गोंधळ ह्या क्रमानेच संपेल. मोकळ्या झालेल्या नाकाला वास येतो, आणि वास आला की तो जेवतो. ओल्या खाऊचं पाऊच गरम पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं ठेवून कोमट करा. फ्रिजमधलं गार अन्न चोंदलेल्या नाकाच्या मांजराला वासहीन लागतं. तरी तोंड लावलं नाही तर बांगडा नुसत्या पाण्यात उकडून त्याचं पाणी वर घाला. मीठ नाही, हळद नाही, आणि कांदा-लसूण तर अजिबात नाही, ते मांजराच्या रक्तपेशी फोडतात. दूध-पोळी, दूध-भात, मारी बिस्कीट बंद. एरवी मांस जास्त आणि पिष्ट कमी असा ओला खाऊच त्याला हवा. पण नाक पूर्ण बंद असलेल्या दिवशी हा नियम मी सोडून देतो. त्या दिवशी तो जे खाईल ते चालेल, उपाशी राहता कामा नये.

जेवला नाही तर इन्शुलिन? नेमका आकडा तुमच्या डॉक्टरांनी द्यायचा, पण तत्त्व हे: रिकाम्या पोटी पूर्ण डोस कधीच नाही. कानाच्या कडेला टोचून ग्लुकोमीटरने शुगर बघा. माणसांचं मशीन मांजराची शुगर खऱ्यापेक्षा थोडी कमी दाखवतं, तरीही रोजचा कल कळायला ते चालतं. निम्मं जेवला तर किती युनिट, काहीच नाही खाल्लं आणि शुगर चढलेली असेल तर किती, आणि कुठल्या आकड्याखाली अजिबात द्यायचं नाही, ही तीन उत्तरं लिहून फ्रिजवर चिकटवा. एखादा डोस द्यायचा राहिला तर सहसा काही बिघडत नाही, जास्त गेला तर जीव जाऊ शकतो. मात्र ‘जेवत नाही म्हणून इन्शुलिन नाही’ असं दिवसामागून दिवस चालवू नका. अशा मांजराच्या रक्तात कीटोन नावाची घातक आम्लं साचतात. लघवीतले कीटोन बघायच्या पट्ट्या औषधांच्या दुकानात मिळतात, एक डबी घरात असू द्या. २४ तास पोटात काही गेलं नाही तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. भूक वाढवणारी औषधं असतात, मळमळीचीही असतात.

अँटिबायोटिकबद्दल थोडं. डॉक्सिसायक्लिनची गोळी दिली, तर लगेच वरून पाच-सहा मिली पाणी सिरिंजने (सुई काढलेल्या) किंवा चमचाभर ओला खाऊ द्या. ती कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली की तिथे जखम होऊन नळी आवळली जाते. आणि पुन्हा पाच दिवसांचा कोर्स घेऊन थांबण्यात अर्थ नाही. कल्चर पाहून नेमकं औषध आणि नेमके दिवस ठरू देत. हर्पीस जोर करत असेल, डोळेही बिघडत असतील, तर फॅमसिक्लोव्हिर ह्या विषाणूवरच्या औषधाबद्दल विचारा. हर्पीसवर म्हणून मिळणाऱ्या लायसीनच्या पावडरी विकत घेऊ नका, त्यांचा उपयोग दिसलेला नाही.

तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल, नाकातून ताजं रक्त गळत असेल, इन्शुलिननंतर झटके आले, किंवा उलट्या होऊन मलूल पडला असेल, तर रात्र असो की रविवार, लगेच न्या. झटक्यात किंवा अर्धवट शुद्धीत असेल तर तोंडात काही ओतू नका, मध बोटाने हिरडीवर चोळा आणि चोळतच दवाखाना गाठा.

शेवटची एक गोष्ट आत्ताच वहीत लिहून ठेवा, कारण त्या आनंदात ती विसरली जाते. दात निघाला किंवा संसर्ग आटोक्यात आला की भुऱ्याचं अंग इन्शुलिनला पुन्हा दाद देऊ लागेल, आणि कालपर्यंत बरोबर असलेला डोस जास्त ठरेल. उपचारानंतरचे पहिले तीन-चार आठवडे रोज दोन्ही इंजेक्शनांच्या आधी शुगर बघा, दर आठवड्याला वजन करा, नाक कसं आहे ते त्याच पानावर लिहा, आणि आकडे घसरायला लागले की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून डोस कमी करून घ्या. एक्स-रेमध्ये काय निघालं ते मला कळवा.